अंबाडीला पाणी कोण घालतं?

आमच्या घरात झाडं बायकोच्या ताब्यात होती आणि पुस्तकं माझ्या. ही वाटणी कुणी ठरवून केली नव्हती. ती साउथहॅम्प्टनला भूलतज्ज्ञ म्हणून नोकरीवर आली, मी तिच्यामागून आलो आणि इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. संध्याकाळी ती कात्री घेऊन मागच्या बागेत जायची आणि मी चहा घेऊन खिडकीत बसायचो. तिने "बघितलंस का, केवढी झाली?" असं विचारलं की पुस्तकातून मान न उचलता "वा" म्हणायचं, एवढाच बागकामातला माझा वाटा.

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. पुष्कळ लोक भेटायला आले, चांगलं बोलले. त्यातलं मला फारसं आठवत नाही. मार्चमध्ये कधीतरी मी फ्रिज पुसायला काढला, तेव्हा दाराच्या कप्प्यात, चटणीच्या बरण्यांमागे, गोळ्यांची एक जुनी बाटली सापडली. आत चिमूटभर बी होतं. अंबाडीचं.

हे बी सासूबाईंच्या अकोल्याच्या परसातून आमच्याबरोबर इंग्लंडला आलं होतं. दरवर्षी ती त्याची रोपं करायची. काही बाहेर लावायची, भाजीसाठी. काही घरात, दिव्याखाली, बियांसाठी. बाहेरच्या झाडांना फुलं यायच्या आतच इथे थंडी पडते, त्यामुळे बी धरायचं ते घरातच. गेल्या वर्षी ती आजारी होती. बाहेरची झाडं गोगलगायींनी खाल्ली आणि घरात लावायची राहूनच गेली. म्हणजे बाटलीत होतं ते शेवटचं. अंबाडी लंडनजवळ इल्फर्डच्या देशी दुकानांतही जुड्यांनी मिळते, आणि तिची नि हिची चव यांतला फरक मला डोळे मिटून सांगता येईल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिने स्वतः सुकवून, निवडून ठेवलेलं, अजून जिवंत असलेलं असं घरात दुसरं काही उरलं नव्हतं. एक मी होतो, पण मला कुणी बाटलीत ठेवलं नव्हतं.

एप्रिलमध्ये मी ते पेरलं. पाच उगवली. जूनमध्ये ती दह्याच्या डब्यांतून काढून मोठ्या कुंड्यांत लावली आणि वरच्या पुढच्या खोलीत तिच्याच जांभळ्या दिव्याखाली मांडली. आठवड्याच्या आत पाचांनीही माना टाकल्या.

तोपर्यंत पुण्याहून ताई आल्या होत्या. ताई म्हणजे माझी मोठी मेव्हणी. मी एकटा काय खातो हे बघायला त्या मे महिन्यात आल्या आणि बघितल्यावर ऑगस्टपर्यंत राहायचं ठरवलं. त्यांनी रोपांकडे पाहून निदान केलं.

"भावोजी, दृष्ट लागली आहे."

"कुणाची, ताई? वर कोण येतं?"

"तुमचीच. दिवसभर त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसता. माणूससुद्धा मान टाकेल."

मी ग्रंथपाल होतो. अडलं की वाचायचं, ही सवय जात नाही. अंबाडीवर वाचायला गेलो तर तागासारखा धागा, एकरी उत्पन्न, हेच सगळीकडे. घरात, कुंडीत, दिव्याखाली अंबाडी लावणारा माणूस या विषयावर लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरला नव्हता. मग मी नाव सोडलं आणि लक्षणं टाकून शोधलं. कोवळं रोप, पाच बोटांचं पान, घरात कुंडी बदलल्यावर मान टाकली. आणि एकदम एक जगच उघडलं. शेकडो माणसं अगदी याच दुखण्याबद्दल बोलत होती. कुंडी केवढी, दिवा किती वर, पान वरून मिटतं की खालून लोंबतं. इतक्या बारकाईने आमच्या कॉलेजात प्रबंधसुद्धा कुणी तपासत नसे. ही मंडळी रोपांना 'पोरी' म्हणायची. "माझ्या पोरी आज जरा उदास आहेत," असं एकाने लिहिलं होतं आणि मला ते फार आवडलं.

पोरी म्हणजे गांजा, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी तळटीपा नीट वाचतो, पण शीर्षकं सोडून देतो.

तरीही विचार केला. पान सारखं, खोली सारखी, दिवा सारखा, दुखणं सारखं. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डचा असला म्हणून काय झालं? मी एक फोटो लावून, विरामचिन्हं नीट देऊन लिहिलं: माझी वनस्पती भाजीची आहे, कृपया गैरसमज नसावा, परंतु लक्षणं आपल्या पोरींसारखीच आहेत.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "हो दादा. इथे सगळ्यांची भाजीच आहे."

दुसऱ्याने विचारलं, "जात कोणती?"

हा प्रश्न इतक्या सरळपणे मला याआधी एकदाच विचारला गेला होता, पुण्यात भाड्याची खोली शोधत असताना. मी खरं ते लिहिलं की जात ठाऊक नाही, मदर-इन-लॉकडून आली आहे.

त्यानंतर जरा खळबळ उडाली. 'मदर-इन-लॉ' नावाची जात कुणी ऐकली नव्हती. ती फार जुनी असणार असं एकाचं मत पडलं. तेज आहे का, असं एकाने विचारलं. मी लिहिलं, आंबट आहे. "आंबट म्हणजे डोक्याला की पोटाला?" मी म्हटलं, जिभेला. यावर त्यांच्यात दोन पक्ष पडले आणि ते बराच वेळ आपापसात बोलत राहिले.

मग मला मूळ मुद्दा सांगावाच लागला. ही माझ्या बायकोची शेवटची रोपं आहेत, ती नोव्हेंबरात गेली, यांना बी धरलं नाही तर पुढे काही नाही. मग नावाजागी कवटीचं चित्र लावणाऱ्या एका गृहस्थाने लिहिलं, "दादा, वाईट वाटलं. पोरींना आपण मरू द्यायचं नाही. आता नीट उत्तरं दे. माती ओली की कोरडी?"

सांत्वनाची इतकी कार्डं आली होती, पण माती ओली की कोरडी असं मला कुणीही विचारलं नव्हतं.

माती ओली होती. पानं मऊ आणि खाली लोंबणारी होती. कवटीवाल्याचं निदान झालं: पाणी जास्त. कुंडी बदलली की मुळं काही दिवस धक्क्यात असतात, त्यांना पिता येत नाही, आणि वरून ओतत राहिलं तर ती गुदमरतात. औषध एकच. पाणी बंद. रोज कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघायची. हलकी लागली की मगच द्यायचं, नाहीतर हात मागे बांधून बसायचं.

मी पाणी बंद केलं. रोज सकाळी चहा झाला की वर जाऊन पाचही कुंड्या एकेक करून उचलायचो, बाळाचं वजन बघावं तशा. आणि रोज त्या जडच लागायच्या. आठवडा गेला, जड. दहाव्या दिवशी तर मला त्या आदल्या दिवसापेक्षा जड वाटल्या. मातीवर बारीक चिलटं उडायला लागली. खालची पानं पिवळी पडली. मी कळवलं, आज पुन्हा जड.

कवटीवाला म्हणाला, "दादा, माती स्वतःहून पाणी पीत नसते. घरात कोण आहे?"

याचं उत्तर शोधण्याआधीच शेजारी आले.

आमचे शेजारी पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. आता ते आमच्या रस्त्यावर लक्ष ठेवणाऱ्या नेबरहूड वॉचचे प्रमुख आहेत, म्हणजे कुणाचा कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर आला आहे हे त्यांना ठाऊक असतं. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. सभ्य माणूस, मुद्द्यावर यायला वेळ घेणारा. दुपारी ते बैठकीत बसले, चहा घेतला, हवेबद्दल बोलले. ताईंना इंग्रजी समजतं, पण इंग्रज माणसाचं लवकर समजत नाही, म्हणून त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुमच्या वरच्या खोलीत जांभळा दिवा दिसतो," ते म्हणाले.

"हो. झाडांसाठी आहे."

"तसंच वाटलं मला. मी आपला बघणार नव्हतो, पण त्या रविवारी तुम्ही मुलीकडे ब्रिस्टलला गेला होतात, तेव्हा सगळं ठीक आहे ना म्हणून वर डोकावलो." त्यांनी कप बशीत ठेवला. "मी कुणाचं काही मनावर घेणारा माणूस नाही. तरुणपणी आम्हीही... असो. तुमच्या मिसेसच्या दुखण्यासाठी होतं का ते?"

"नाही, ती आधीपासूनच लावायची. वर्षानुवर्षं."

"वर्षानुवर्षं?" ते जरा सावरून बसले. "डॉक्टर असून?"

"डॉक्टरमंडळींनाही द्यायची. सगळ्यांना आवडायची."

"काय म्हणतायत ते?" ताईंनी विचारलं.

"अंबाडीबद्दल विचारतायत."

"मग नीट सांगा की. डाळ आणि तांदळाच्या कण्या घालून शिजवायची, वरून लसणीची फोडणी."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. शेजाऱ्यांनी ताईंकडे आदराने पाहिलं. ताई सत्तरीच्या आहेत, नऊवारी नाही पण कुंकू मोठं लावतात.

"म्हणजे ओढत नाही. खाता."

"भाकरीबरोबर."

"आणि मग कसं वाटतं?"

"विचारतायत, खाल्ल्यावर कसं वाटतं," मी ताईंना सांगितलं.

"पोट साफ राहतं म्हणावं."

ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले की पडदा जाड लावा, बाकी त्यांनी काही पाहिलं नाही. दारात मी त्यांना अंबाडी म्हणजे काय ते समजावायचा प्रयत्न केला. शास्त्रीय नाव सांगितलं. त्या नावात दुर्दैवाने कॅनॅबिस या गांजाच्या नावाचा बराचसा भाग येतो. त्यांनी डोळा बारीक केला. "अर्थात," ते म्हणाले. आणि जाता जाता, "रोपं मात्र तहानलेली दिसली हो. मी त्या रविवारी चांगली बादलीभर दिली."

हा पहिला धागा. दुसरा शनिवारी सापडला. मुलगी ब्रिस्टलहून आली. ती विमानांच्या पंखांचं गणित करते. तिचं मराठी आईने घरात जपलं, पण त्यातली लिंगं तिने कधी मनावर घेतली नाहीत. पिशवी टाकून ती सरळ वर गेली. मी मागून गेलो तर हातात झारी.

"बाबा, मी फक्त थोडी पाणी देते. दर वीकेंडला देते."

"दर वीकेंडला?"

"आई फोनवर सांगायची ना, आपल्या झाडांना विसरू नको. आणि तू तर पुस्तक वाचतो. मला वाटली तू विसरला असेल."

मी तिला कवटीवाल्याचं सगळं सांगितलं. तिने कुंडी उचलली, बोट मातीत घातलं आणि तिच्यातली इंजिनिअर जागी झाली. महिन्यातून एक बादली आणि आठवड्यातून एक झारी, एवढ्याने इतकं पाणी होत नाही, असं तिने मनातल्या मनात हिशेब मांडून सांगितलं. "कोणतरी रोज देतोय."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असताना जिना वाजला. ताई वर आल्या. आंघोळ झालेली, ओले केस पंच्यात बांधलेले, हातात ताम्हण. आमच्याकडे फारसं लक्ष न देता त्यांनी तोंडाने काहीतरी पुटपुटत पाचही कुंड्यांत सारखं सारखं पाणी घातलं, रिकामं ताम्हण कपाळाला लावलं आणि मग म्हणाल्या, "काय झालं? असे काय उभे आहात दोघं?"

देवाच्या आंघोळीचं पाणी मोरीत टाकत नाहीत. हे मलाही ठाऊक होतं. आईकडे ते तुळशीला जायचं, पुण्यात ताईंकडेही जातं. आमची तुळस दर हिवाळ्यात मरते आणि यंदा नवी कुणी आणली नव्हती. ताईंना घरात मातीत असलेलं झाड एवढंच दिसलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि महादेव अशा चार देवांच्या आंघोळीचं पाणी गेले कित्येक दिवस, मी खाली आंघोळीला गेलो की, अंबाडीच्या मुळांत जात होतं. सोमवारी त्यात दूध. एकादशीला मध आणि दही. चिलटांचं कोडं तिथे सुटलं.

"मावशी, त्यांना पाणी नको आहे," मुलगी म्हणाली.

"नको कसं? बघ किती सुकलेत."

"सुकले नाहीत, ताई. बुडालेत," मी म्हणालो.

ताई खुर्चीवर बसल्या. हातातलं ताम्हण त्यांनी मांडीवर ठेवलं. मला वाटलं आता रागावणार.

"मला तिला द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी इथे आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. व्हिसा वेळेवर मिळाला नाही. तिला पाणीसुद्धा पाजलं नाही मी."

मुलगी त्यांच्या पायाशी बसली. मी भिंतीशी उभा राहिलो. दिव्याच्या उजेडात आम्ही तिघंही जांभळे दिसत होतो, रोपांसकट.

"आता सांगा, हे पाणी मी कुठे टाकू?" थोड्या वेळाने ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "मोरीत टाकणार नाही, आधीच सांगते."

प्रश्न खरा होता. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचे गुलाब होते. दुसऱ्या दिवसापासून ताई कुंपणावरून हात वाकवून त्यांना अभिषेक करू लागल्या. शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं आणि काही विचारलं नाही. आमच्या घरातून काही बाहेर जात असेल तर त्याबद्दल न विचारणंच बरं, असं त्यांनी बहुधा ठरवलं असावं.

रोपांना पाणी पूर्ण बंद झालं. ते सोपं नव्हतं. सुकलेल्या, माना टाकलेल्या रोपासमोर भरली झारी घेऊन उभं राहून ते न देणं, हे वाचलेल्या कुठल्याही पुस्तकाने मला शिकवलं नव्हतं. बायको असती तर हसली असती. झोपवणं कुणालाही येतं, जागं होईपर्यंत काही न करता उशाशी बसणं हेच आमचं काम, असं ती म्हणायची. एक रोप तेवढ्यात गेलं. त्याचं मूळ काळं पडलं होतं आणि वास येत होता. ताईंनी ते बागेत पुरलं. दहावा करू नका, एवढं मी त्यांना सांगितलं.

मग एका रविवारी कुंडी उचलली आणि ती हातात इतकी हलकी आली की मी तोल जाऊन मागे सरकलो. चारही हलक्या. मी खाली हाक मारली. दोघी धावत वर आल्या. झारी भरली. आणि आता प्रश्न पडला की द्यायचं कुणी.

"बाबा, तू दे."

"ताई, तुम्ही द्या. तुमच्या आईच्या परसातलं बी."

"छे. तुम्ही नवरा. तुमचा मान."

"मावशी मोठी आहे."

"मी मोठी म्हणून आधी जाऊ का? असं काय बोलतेस."

झारी आमच्यात फिरत राहिली. चार रोपं आता खरोखर तहानलेली होती आणि आम्ही पंगतीत वाढायच्या आधी होतं तसं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत होतो. शेवटी मुलगी वैतागून म्हणाली, "ते मरतील आपल्या मॅनर्समुळे," आणि तिने ताईंचा हात झारीवर धरला, त्यावर माझा, आणि वरून स्वतःचा. धार वेडीवाकडी पडली. अर्धं पाणी कार्पेटवर गेलं, ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी पानं उठली होती. मी फोटो लावला. कवटीवाल्याने लिहिलं, "मदर-इन-लॉ जिंदाबाद, असं तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी कळवलं, तसंच म्हणतात, पण सहसा म्हणत नाहीत. आता शेंडे खुड, म्हणजे फुटवे येतील, असंही त्याने सांगितलं.

चार शेंडे म्हणजे मूठभरही भाजी नव्हती. ताईंनी डाळ आणि कण्या वाढवून वाढवून ती पातेलंभर केली. ऑगस्टात त्या जायच्या आदल्या दिवशी आम्ही जेवायला बसलो आणि शेजाऱ्यांना बोलावलं, कारण त्यांना बोलावलं नसतं तर संशय आणखी वाढला असता. ते बिचकत आले. दोन घास खाऊन त्यांनी घड्याळात पाहिलं. जेवण झाल्यावरही हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिले, जणू आता गाडी सुटणार आहे.

"काय झालं त्यांना?" ताईंनी विचारलं.

"वाट बघतायत."

"कशाची?"

मी सांगितलं. ताई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि शेजारी घाईने पाण्याचा ग्लास घेऊन धावले. घरी जाताना ते मला म्हणाले की हलकं वाटतंय खरं, अगदी सौम्य, पण आहे.

ऑक्टोबरात फुलं आली. फिकट पिवळी, आत तांबडा गाभा. दुपारपर्यंत मिटतात. मागे बोंडं धरली, त्यांची बारीक कुसं बोटांत गेली की दोन दिवस निघत नाहीत. तिच्या बोटांना दरवर्षी ती असायची आणि मी चिमट्याने काढून द्यायचो, पुस्तक खाली ठेवून. यंदा माझी मीच काढली, डाव्या हाताने, वाईट रीतीने. मग पुण्याला व्हिडिओ कॉल लावून ताईंना बोंडं दाखवली. त्यांनी चष्मा चढवून, फोन नाकाशी धरून सगळी नीट पाहिली. वाळू द्या, मगच फोडा, म्हणाल्या.

"आणि पाणी?" त्यांनी विचारलं.

"बंद केलंय, ताई. बी पिकतंय."

"बरं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "थोडंसुद्धा नाही?"